अर्धंच उघडायचं कव्हर

कोणी विचारलं की तुम्ही अमेरिकेत काय करता, तर मी सांगायचे, "पाणी झाकते." समोरच्याला वाटायचं, बाई थट्टा करतेय. पण टेक्ससमधल्या फ्रिस्को गावात स्विमिंग पूलच्या सामानाच्या दुकानात मी एकोणीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं लोकांना पूलवर घालायचं कव्हर निवडून देणं हेच माझं मुख्य काम होतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी लातूरची बी.एस्सी. केमिस्ट्री. इथे आल्यावर बरीच वर्षं व्हिसापायी घरात बसले. काम करायची परवानगी आली तेव्हा पहिली नोकरी मिळाली ती याच दुकानात, गिऱ्हाइकांनी बाटलीतून आणलेलं पूलचं पाणी तपासायची. कॉलेजात असताना प्रयोगशाळेची स्वप्नं बघितली होती. मिळाली ती एका काउंटरएवढी, क्लोरीनच्या वासाची. तरी पहिल्या दिवशी पांढरा एप्रन घातला तेव्हा मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून लपवल्यासारखं वाटेल. मला पोहता येत नाही. आमच्याकडे पोहण्याइतकं पाणी एका जागी दिसायची मारामार, शिकणार कुठे? आमचा मॅनेजर वेन हा अस्सल टेक्सन गडी. त्याला हे एकदा कळलं. तो म्हणाला, मटणाच्या दुकानात शाकाहारी बाई बसवल्यासारखं झालं हे. तरी गिऱ्हाइकं माझ्याकडेच यायची, विशेषतः आपली. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात घराला पूल असणारे मराठी लोक फार वाढले. दुकानात शिरले की माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचायचे आणि लगेच, "अय्या, काकू तुम्ही मराठी?" झालं, मग वेनकडे कोण जातंय.

धंद्यातलं थोडं सांगते. बाहेरच्यांना वाटतं, कव्हर असतं ते पाण्यात पाचोळा पडू नये म्हणून. तेही असतं. पण उबेसाठी घेतात ते वेगळं. पार्सलमध्ये येतो तो बुडबुड्यांचा प्लास्टिकचा कागद असतो ना, जो फोडत बसायला सगळ्यांना आवडतं, त्याचाच हा जाडजूड निळा भाऊ. तो पाण्यावर नुसता तरंगतो. पूलची ऊब मुख्यतः वाफेतून उडून जाते आणि हा कागद वाफ होऊ देत नाही. चहाच्या कपावर बशी ठेवतो, तेवढंच शास्त्र आहे. आमच्याकडे मार्च-एप्रिलला दिवसा ऊन चांगलं तापतं आणि रात्री पाणी पुन्हा गार पडतं, त्यामुळे त्या दिवसांत या कव्हरला फार मागणी. पातळ घेतलं तर लवकर विरतं, जाड घेतलं तर ओढायला जड जातं. पारदर्शक घेतलं तर ऊन जास्त आत जातं. बुडबुडे कायम खाली, पाण्याकडे. कव्हर चौकोनी येतं, ते पाण्यावर पसरून काही दिवस सुरकुत्या जाऊ द्यायच्या आणि मग पूलच्या काठाकाठाने कात्रीने कापायचं. हे कापायचं काम मला फार आवडायचं. ब्लाउज बेतल्यासारखं वाटायचं.

आणि हे कव्हर कोणाचाही भार पेलत नाही. भार पेलणारं वेगळं असतं, काठाच्या काँक्रीटमध्ये खुंट्या ठोकून ताणून बसवतात ते. त्यावर कोणी पडलं तरी ते तोलून धरतं, पण त्याने पाणी तापत नाही, आणि रोज काढायला-घालायला दोन धडधाकट माणसं लागतात. लोकांना दोन्ही गुण एकात हवे असतात. बटणावर चालणारं तसलं कव्हरही मिळतं, पण ते सरळ चौकोनी पूललाच नीट बसतं. आपल्या लोकांच्या घरचे पूल बहुतेक काजूच्या आकाराचे.

आपल्या लोकांनी मला धक्के कमी दिले नाहीत. एक काकू मुलाकडे राहायला आल्या होत्या, जळगावच्या. मुलाला कव्हर निवडून दिलं म्हणून त्यांनी मला उडदाच्या पापडांचा डबा पाठवला. काय पापड होते! आठवडाभर रोज दोन-दोन भाजून खाल्ले. नंतर त्यांच्याकडे कव्हर गुंडाळायच्या रिळाचं माप घ्यायला गेले, तर मागच्या हिरवळीवर ते निळं कव्हर उलटं पसरलेलं आणि बुडबुड्यांवर ओळीने पापड.

"बघ किती छान सुकतात," काकू म्हणाल्या, "खालून हवा खेळते ना!"

क्लोरीन, शेवाळं मारायचं औषध, आम्ल, सगळं ज्यात मुरलंय ते कव्हर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, "काकू, हे पूलच्या औषधांत बुडालेलं असतं हो!" त्या शांतपणे म्हणाल्या, "मग? धुऊन घेतलंय मी." घरी येऊन मी उरलेला डबा कचऱ्यात टाकला आणि नवऱ्याला दोन दिवस काहीच बोलले नाही, कारण त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ले होते.

दुसरे एक गृहस्थ पुण्याचे. त्यांनी चौदा कव्हरांची तुलना करणारा तक्ता संगणकावर बनवून, छापून आणला होता. त्यात जाडी, वजन, वॉरंटी, रंग, सगळं होतं. पाऊण तास माझी तोंडी परीक्षा घेतली आणि उत्तम कव्हर घेऊन गेले. तीन आठवड्यांनी तावातावाने परत, पाणी एक अंशानेही तापलं नाही म्हणून. फोटो बघितला तर बुडबुडे वर. मी सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, लॉजिकली थिंक करा, ऊन वरून येतं." मी थिंक केलं आणि वेनला बोलावलं.

अशा गोष्टी सांगून मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोकांना खूप हसवलंय. हसवताना मनात असायचं, ही माणसं किती शिकलेली आणि यांना साधं कव्हर वापरता येत नाही. मला येतं. हा माझा ताठा होता आणि तो मी लपवतही नव्हते.

आता त्या युक्तीकडे येते. नियम असा की पाण्यात उतरण्याआधी कव्हर पूर्ण काढायचं. कव्हरच्या कोपऱ्यावर ते छापलेलं असतं, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, चित्रासकट. पण कव्हर पूर्ण काढलं की सकाळच्या वाऱ्यात रात्रभर राखलेली ऊब तासाभरात कमी होते, आणि लोक कुरकुर करतात. मग मी डोकं चालवलं. पोहणारा एकटाच असेल तर सगळा पूल कशाला उघडा टाकायचा? कव्हर रिळावर अर्धंच गुंडाळा, उथळ भाग मोकळा करा, खोल भाग झाकलेला राहू द्या. ऊब टिकते आणि ओढायचे कष्टही निम्मे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वेनने ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, असं सांगू नकोस, पूर्ण काढायलाच सांग. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, यांना सगळंच उघडं टाकायची सवय, पाणी झाकून जपणं म्हणजे काय ते याला काय कळणार. आणि नंतरही सांगत राहिले. फक्त मराठीत सांगायला लागले, म्हणजे त्याला कळायचं नाही.

युक्ती पसरली. "शैलाकाकूंची आयडिया" असं तिचं नाव पडलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी पूलबद्दल विचारलं की दुसरं कोणीतरी परस्पर उत्तर द्यायचं, अर्धंच उघडा, काकूंनी सांगितलंय. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू.

मागच्या मार्चमध्ये अमेय आणि केतकी दुकानात आले. दोघं पुण्याचे, आयटीतले. सोबत अमेयचे वडील, आप्पा. आप्पा सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, सडसडीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी कोमट पाण्यात रोज व्यायाम करा म्हणून सांगितलेलं. त्यांचा पूल गार होता. म्हणून कव्हर.

केतकीला वेगळीच काळजी होती. "काकू, हे सेफ आहे ना? म्हणजे इरा चार वर्षांची आहे, शी इज एव्हरीव्हेअर. एक सेकंद डोळा चुकवला की गायब."

मी म्हटलं, "अजिबात सेफ नाही. लहान मुलाला ती जमीन वाटते. त्यावर पाय टाकला तर कव्हर दबतं, मूल खाली जातं आणि वरून कव्हर पुन्हा सारखं होतं." केतकीचा चेहरा उतरला. मी त्यांना दुसरं, ताणून बसवायचं कव्हर दाखवलं. आप्पांनी ते उचलून बघितलं.

"हे काढायला मला रोज अमेयला हाक मारावी लागणार," ते म्हणाले. "म्हणजे मी पोहणार नाहीच."

"आप्पा, मी आहे ना, मी करीन हेल्प," अमेय म्हणाला.

"तुझी मीटिंग सातला सुरू होते रे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मला गाडी येत नाही. चालत जावं असं इथं काहीच नाही. एकट्यानं, कोणाला न विचारता जाता येईल अशी एकच जागा आहे मला, घरामागचं पाणी. मला एकट्याला ओढता येईल असं द्या."

बराच वेळ घोळ चालला. शेवटी मीच तोड काढली. पूलभोवती चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक, वर, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशी कळ, घराच्या मागच्या दाराला घंटा, आणि आत मध्यम जाडीचं बुडबुड्यांचं कव्हर रिळासकट. कुंपण बसल्याशिवाय कव्हर द्यायचं नाही, असं मी वेनलाही बजावलं. केतकीने माझा हात धरून "थँक यू काकू" म्हटलं. इतकं नीट काम मी क्वचितच केलं असेल. सगळ्या बाजूंनी विचार केला होता, त्या पोरीसाठी.

कव्हर कापायला मीच गेले. कापून झाल्यावर आप्पांना रीळ फिरवायला शिकवलं आणि जाता जाता म्हटलं, "आणि हो, सगळं काढायचं नाही. अर्धंच उघडायचं."

"वा," आप्पा म्हणाले, "ह्याला म्हणतात डोकं."

त्यानंतर दोनेक आठवड्यांची गोष्ट. आप्पांचा फोन आला की कव्हर रिळाला जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी दोन निसटल्या आहेत, रीळ वाकडं फिरतं. दुकान दहाला उघडायचं. मी नऊच्या सुमारास आधी त्यांच्याकडे गेले. अमेय ऑफिसला, इरा शाळेत, केतकी वरच्या खोलीत कॉलवर. आप्पा पाण्यात होते. फाटकापाशी पोचले तसे तिथूनच ओरडले, "कळ वरून दाबा ताई!" चेहरा नुसता फुलला होता. म्हणाले, गुडघा आता इतका वाकतो, बघा. पाण्यातच वाकवून दाखवला.

रीळ खोल टोकाला होतं. मी तिथे खाली बसून पट्ट्या काढायला लागले. आप्पा उथळ भागात उताणे पोहत होते आणि पोहता पोहता मला कृष्णेच्या गोष्टी सांगत होते. पुराच्या पाण्यात पलीकडच्या काठाला कसे जायचे, कोणाच्या धोतराचा सोगा कसा सुटला. मी मान खाली घालून हसत होते. मग बोलणं थांबलं. मला वाटलं, दम खात असतील. एक पट्टी अडकवून झाली, दुसरी हातात घेतली. तरी शांत. मी वर बघितलं.

पाण्यात कोणी नव्हतं.

बाहेर आले असतील म्हणून मी काठावर बघितलं. चपला तशाच होत्या, टॉवेल खुर्चीवर तसाच होता. उघड्या भागातलं पाणी हलत होतं. आणि मग माझ्यापासून हाताच्या अंतरावर नसेल, पण फार लांबही नाही, तिथे निळं कव्हर आतून वर आलं. एक उंचवटा. तो खाली बसला आणि जरा बाजूला पुन्हा वर आला.

मला कळलं. उताणं पोहताना मागचं दिसत नाही. बोलण्याच्या नादात ते हात मारत मारत कव्हरच्या कडेखाली सरकले होते, आणि तिथे खाली पाय टेकत नाहीत. मला त्या क्षणी छापील सूचनेतलं चित्र डोळ्यांसमोर दिसलं. कव्हरखाली माणूस, त्यावर लाल फुली. ते चित्र मी हजार वेळा बघितलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

पाण्यात उडी मारायचा प्रश्नच नव्हता, बुडणारे दोन झाले असते. मी "केतकी!" म्हणून ओरडले. वरची खिडकी बंद, तिच्या कानात हेडफोन. रिळाचा दांडा धरून फिरवला. एका बाजूच्या पट्ट्या मीच सोडलेल्या, त्यामुळे कव्हर तिरकं गुंडाळलं आणि अडकून बसलं. मग दांडा सोडला, कव्हरच हातात धरलं आणि मागे मागे चालत ओढायला लागले. ओलं कव्हर हातातून निसटतं. मी ते मनगटाभोवती गुंडाळलं आणि अख्खं अंग मागे टाकलं. पाण्यावर ते सरकायला लागलं. एक हात, दोन हात, त्याची कड माझ्याकडे यायला लागली. उंचवटा आता हलत नव्हता. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही, पण मोठ्याने बोलत होते. मग कड पुढे सरकली आणि आप्पांचं डोकं बाहेर आलं. तोंड उघडं. त्यांनी घेतलेल्या श्वासाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यांनी कव्हरचीच कड पकडली, मी ओढत काठापर्यंत आणलं. त्यांनी दगड धरला आणि खोकत राहिले. ओठ काळेनिळे झाले होते. मी ओल्या फरशीवर बसले होते, माझी एक चप्पल पाण्यात तरंगत होती. किती वेळ गेला कोण जाणे.

पहिलं वाक्य आप्पाच बोलले. "ताई, वर कुठं आणि खाली कुठं तेच कळेना. सगळीकडं सारखंच निळं."

ते थरथरत होते. मी टॉवेल आणला, पाठीवर टाकला, म्हटलं, "मी केतकीला बोलावते. आधी डॉक्टरकडे जाऊ."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नाही. तिला सांगू नका."

"आप्पा, असं कसं?"

"सांगितलं की संपलं. उद्यापासून कुलूप. मग मी आहे आणि तो सोफा आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पूलचं नव्हे. "मी सगळं कव्हर काढत जाईन. शब्द देतो. पण तुम्ही सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगत." आणि सांगितलं नाही. पाणी छातीत गेलेल्या माणसाला लगेच दवाखान्यात न्यायचं असतं, नंतरही त्रास होऊ शकतो, हे मला माहीत होतं. आमच्या दुकानात त्याचा तक्ता लावलेला आहे. तरी मी त्यांना आलं घालून चहा करून दिला, पट्ट्या बसवल्या आणि दहाला दुकान उघडलं. त्यांच्यावर दया आली म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत होते. पण युक्ती माझी होती. केतकीला कळलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता. आप्पांनी गप्प राहायला सांगितलं तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

अकरा दिवस मी गप्प होते. रोज सकाळी आप्पांना फोन करायचे, खोकला आहे का, ताप आहे का. ते म्हणायचे, ठणठणीत. बाराव्या दिवशी दुकानात नागपूरचा एक तरुण आला, पाण्याची बाटली घेऊन. मी तपासणी करत होते आणि तो बोलत होता.

"काकू, तुमची ती हाफ कव्हरवाली आयडिया ना, एकदम मस्त आहे. पुढच्या वीकमध्ये आईबाबा येऊन राहिले. बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून ठेवलं मी. ते तर म्हणे, आलो की मी रोज उतरतो."

मी हातातली काचेची नळी खाली ठेवली. आप्पा वाचल्याच्या आनंदात, भीतीत, शरमेत, त्या अकरा दिवसांत ही एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. फ्रिस्कोत, शेजारच्या प्लेनोत, मॅकिनीत त्या क्षणी किती पूल अर्धे उघडे होते? मी त्याला म्हटलं, "अर्धं नाही. पूर्ण काढायचं. माणूस आत असताना पाण्यावर कव्हरचा तुकडासुद्धा नको."

तो गोंधळला. "पण काकू, तुम्हीच तर सांगितलं होतं ना."

"चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं. वेन मागे उभा होता. शब्द त्याला कळले नाहीत, पण माझ्या तोंडाकडे बघून तो पुढे आला आणि त्याने काउंटर सांभाळलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांची यादी कर. आणि खुर्ची ओढून दिली.

संध्याकाळी आधी केतकीकडे गेले. आप्पा तिथेच होते. मला बघताच त्यांना कळलं, ते उठून उभे राहिले. मी सगळं सांगितलं, युक्ती माझी होती इथपासून. केतकी ओरडेल म्हणून मी तयार होते. ती ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "मी वरच होते, काकू. मी पूर्ण वेळ वर होते." हेच तीनदा म्हणाली. अमेयने तेव्हाच डॉक्टरांना फोन लावला.

आप्पा मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता." मी म्हटलं, हो.  ते भारतात परत गेले तोवर आमचं बोलणं झालं नाही. त्या पूलला कुलूप लागलं नाही, एवढं मात्र केतकीने मला नंतर सांगितलं. आप्पा जाईपर्यंत ती सकाळची पहिली मीटिंग लॅपटॉप घेऊन पूलच्या काठावर बसून करायची.

मग मी फोन करायला घेतले. मंडळाच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकता आला असता, टाकलाही, पण ग्रुपवरचं कोण वाचतं? शुभेच्छांच्या गर्दीत वाहून जातो. म्हणून एकेकाला फोन. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून, यादीवर खुणा करत. बहुतेक जण हसले, "हो का काकू, बरं झालं सांगितलंत." दोघांनी माझ्याशी वाद घातला की आमचं काही होत नाही, आम्ही चांगले पोहतो. त्यांना मी आप्पांचं सांगितलं, नाव न घेता. मग त्यांनी ऐकलं.

चौथ्या दिवशी मीनलचा नंबर लावला. मीनल नवरा सागरबरोबर प्लेनोत राहते, नाशिकची, गोड मुलगी. दर दिवाळीला मला फराळाचा डबा देते. मी म्हटलं, "मीनल, ते पूलचं कव्हर आहे ना, अर्धं उघडून पाण्यात उतरू नका. पूर्ण काढायचं. माझं चुकलं होतं."

 ती म्हणाली, "काकू, आम्ही आता वापरतच नाही ते."

"का गं?"

"दोन समरपूर्वी आई आली होती ना. ती पाण्यात वॉक करत होती, उथळ भागात. पुढे उतार आहे, तिथे पाय घसरला आणि ती कव्हरखाली गेली. सागर घरी होता म्हणून वाचली. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. आता शी इज फाइन, काकू. फक्त आंघोळीला शॉवर घेत नाही, तांब्यानेच घेते. चेहऱ्यावर पाणी आलेलं चालत नाही तिला."

 मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला किती वाईट वाटलं असतं. तुम्ही एवढ्या प्रेमाने सांगितलं होतं ना. आई पण म्हणाली, त्या बिचारीला कशाला."

"अगं, पण मागच्या वर्षी तू नवीन कव्हर नेलंस. मीच दिलं तुला."

"तुम्हीच विचारलंत ना, जुनं विरलं असेल आता म्हणून. मग नाही कसं म्हणणार? गराजमध्ये आहे ते. खोका उघडलाच नाही आम्ही."

फोन ठेवला तेव्हा मला तो दिवस लख्ख आठवला. तो खोका ट्रॉलीवर घालून मी स्वतः तिच्या गाडीपर्यंत गेले होते. डिकी बंद केली आणि सवयीने म्हटलं, "अर्धंच उघडायचं हं."

मीनल हसून म्हणाली होती, "हो काकू."